पारावरची जागा

७ ऑक्टोबर १९६३, सोमवार

आज दोन इंजिनं. तुळशीरामच्या इंजिनाचं नोझल चोंदलं होतं, ते साफ करून दिलं. दुसरं रंगरावांचं. त्याला काहीच झालं नव्हतं, पण रंगरावांनी बोलावलं की मी जातो आणि पाना घेऊन चार ठिकाणी ठोकून पाहतो. खरं बोलावणं चहाचं असतं.

चहा झाल्यावर रंगराव म्हणाले, "मिस्तरी, यंदा पंचायतीत तुमी या. तीन नंबर वॉर्डातून अर्ज भरा. सूचक म्हणून सही मी करतो."

मी हसण्यावारी नेलं, पण घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत. चव्वेचाळीस साली रंगरावांच्या वडिलांनी काटेपिंपरीतलं पहिलं इंजिन विहिरीवर घेतलं. ते बसवायला मला कराडहून पाठवलं होतं. काम आठ दिवसांचं. इंजिन बसलं, पण ते बंद पडलं तर काय करायचं हे इथे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून राहिलो. त्याला एकोणीस वर्षं झाली. आज गावात चौतीस इंजिनं आहेत आणि नुसत्या आवाजावरून मी सांगतो कुठलं कोणाचं. इथली वांगी-मिरची खामगावच्या बाजारात जाते ती माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. कोणी म्हटलं तर त्याला अडवतही नाही. शंकरराव हे माझं नाव मात्र रंगरावांना आजच कळलं, अर्जावर काय नाव लिहायचं असं विचारलं तेव्हा. इतकी वर्षं मी नुसता मिस्तरी.

मंजुळेला सांगितलं. माझी ही बायको मूळची आमच्याकडचीच, पण आता इतकी वऱ्हाडी बोलते की माहेरी गेली की तिची भावजय तोंडाला पदर लावते. ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "तीन नंबरातून तं तुळशीराम उभा राहणार होता. रंगरावले एकदम तुमी काऊन आठवले?" बायकांना राजकारणातलं काही समजत नाही. मी दोन वेळा समजावून सांगितलं, तिने दोन्ही वेळा सुपातच पाहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

कचरूच्या सुरुंगाने सकाळी घरातली भांडी हलली. रंगरावांच्या नव्या विहिरीला पाषाण लागलाय आणि तो फोडायचं काम कचरूकडे आहे. हा जालन्याकडचा. निजामाचं राज्य जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, तरी तिकडून येणाऱ्याला इथे मोगलाईतलाच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी कचरू आणि त्याची बायको तानाबाई आली. ई-क्लासच्या जमिनीवर, म्हणजे गुरांच्या चराईवर, एक छप्पर टाकलं. आता सात छपरं झाली आहेत. माणूस कामाला वाघ आहे, ते नाकारत नाही. पण हे लोक एकाला बोलावलं की दहा येतात, आणि कोण कुठला याचा पत्ता नाही. गावाने कुठवर सोसायचं?

रंगरावांचंही हेच म्हणणं पडलं. ह्या लोकांची चौदा नावं मतदार यादीत चढली आहेत, आणि ती तीन नंबरातच. त्यावर तहसिलीत हरकत द्यायची आहे. पाच प्रतिष्ठित रहिवाशांच्या सह्या लागतात, त्यात माझी हवी म्हणाले. मसुदाही मलाच करायला सांगितला, कारण गावात अक्षर माझं. "सदर इसम फिरस्ते असून त्यांचे या गावी कायम वास्तव्य नाही." वाक्य चांगलं जमलं. पारावर वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. खाली सही केली. प्रतिष्ठित रहिवासी हे शब्द माझ्या नावावर प्रथमच पडले, ते दोनदा वाचले.

मंजुळा म्हणाली, तानाबाईची धाकटी पोर इथेच झाली, नागपंचमीला, नाळ मी कापली. बरोबर आहे. पण बाळंतपण झालं म्हणून कोणी गावचं होत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

चौदाही नावं कापली गेली. काम फत्ते. तहसिलीत पुंजाजी कारकून आहे, आपल्याच गावच्या बौद्धवाड्यातला, त्याने निरोप दिला. निरोप देताना माझ्याकडे निरखून पाहिलं. तो पहिल्यापासूनच थोडा आढ्यतेचा.

विहिरीवर कचरू भेटला. नेहमीसारखा राम राम घातला. त्याला कळलेलं नसावं.

संध्याकाळी तुळशीराम घरी आला. त्याला अर्ज भरायचा होता, पण म्हणाला, "मिस्तरी, तुमी उभे राहून राह्यले तं मी नाई भरत. माझ्या मळ्याले पाणी तुमच्यानं हाय." माझे डोळे भरून आले. असा माणूस आमच्या कराडात सापडणार नाही. मंजुळेला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघून राह्यले.

१७ नोव्हेंबर, रविवार

रंगरावांकडे फराळाला गेलो. ओसरीवर खास सतरंजी. त्यांचा पुतण्या नारायणराव वाढायला होता. वय सव्वीस, पण राव आत्ताच लागलाय. पोरगा नम्र आहे, माझ्या पानात दोन अनारसे जास्त टाकले.

आपल्याकडे यायचं मीही त्यांना दरवर्षी सांगतो. मंजुळा ताट काढून ठेवते. मोठा माणूस, शंभर व्याप, जमत नाही. एकोणीस दिवाळ्यांत एकदाही जमलं नाही हे मंजुळेने आज मोजून सांगितलं. सणासुदीला असलं मोजू नये.

२० नोव्हेंबर, बुधवार

अर्ज भरला. सूचक रंगराव.

आमच्या गावाची एक रीत आहे. (आमच्या असं लिहून गेलो, तसंच राहू देतो.) पंचायतीच्या निवडणुकीला इथे मतपेटी येऊ देत नाहीत. ज्याला वाटेल तो अर्ज भरतो, आणि त्याच बैठकीत अर्ज मागे घेण्याच्या कागदावरही सही करून ठेवतो. ते सगळे कागद एका विश्वासाच्या माणसाकडे राहतात. मग पारावर गावकी बसते, कोण राहणार ते ठरतं, आणि बाकीच्यांचे मागे घ्यायचे कागद तहसिलीत जातात. उमेदवाराला जायची गरज नाही, सूचकाने नेऊन दिले तरी चालतात. भांडण नाही, तंटा नाही. मला ही रीत फार आवडते. माणसाने माणसावर टाकलेला भरवसा आहे तो.

मागे घ्यायचे अकरा कागद मीच लिहिले. माझाही त्यात होता. नारायणरावाचाही. त्याने तीन नंबरातून अर्ज टाकलाय, उगाच भरतीला. कागद रंगरावांच्या हवाली केले.

मंजुळेने विचारलं, तुमचा कागदही दिला? म्हटलं, सगळे देतात. मी एकट्याने ठेवला असता तर लोक म्हणाले असते, बाहेरचा तो बाहेरचाच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गावकी बसली. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर, सगळ्यांवर तासतासभर चर्चा. तीन नंबरचं नाव निघताच रंगराव म्हणाले, "तीन नंबरचं तं आधीच ठरेल हाय," आणि कोणी तोंडही उघडलं नाही. इतकं एकमत मी या गावात पाहिलं नव्हतं. मी खाली मान घालून बसलो होतो. अशा वेळी चेहऱ्यावर आनंद दिसू नये म्हणून पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. मलाही रंगरावांबरोबर खामगावला जायचं होतं. सकाळी सदरा घातला तोच त्यांचा गडी धावत आला, इंजिन बंद पडलं, गहू सुकून राह्यला. रंगराव म्हणाले, तुमी मळ्यात जा, कागदांचं मी पाहतो.

दिवसभर विहिरीत उभा होतो. टाकीत डिझेलमध्ये पाणी. थोडंथोडकं नाही, अर्धी घागर असेल. पंप उघडला, नळ्या उघडल्या, सगळं पुसलं, पुन्हा भरलं. या लोकांना इंजिनाची कदर नाही ती नाहीच. गड्याला झापलं तर तो नुसता उभा राहिला. पाचला इंजिनाने पहिला ठोका दिला तेव्हा माझं अंग काळं झालं होतं, पण समाधान होतं.

मंजुळेला सांगितलं तर तिने ताट वाढता वाढता विचारलं, टाकीले झाकण असते ना? असतं. मग? मी म्हटलं, निष्काळजीपणा. 

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पारावर हलगी वाजायला लागली. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. मंजुळेला म्हटलं, चहाचं आधण मोठं ठेव, माणसं येतील. पारापाशी गेलो तर नारायणरावाच्या अंगावर गुलाल. तीन नंबरातून बिनविरोध. गर्दीत मी उभा. त्याने मला पाहिलं, वाकून पायांना हात लावला आणि आशीर्वाद द्या म्हणाला. मी दिला. दुसरं काय करणार होतो? हात आपोआप वर गेला.

घरी आलो. आधण उकळत होतं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

वाटलं काहीतरी चूक झाली. कागद इकडचे तिकडे झाले असतील. खामगावला जाऊन तहसिलीत पुंजाजीला गाठलं. त्याने फाईल काढून समोर ठेवली. माझाच कागद, माझंच अक्षर, माझी सही, आणून देणाऱ्याच्या जागी रंगरावांची. कुठे एक मात्रा चुकली नव्हती.

मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. शेवटी पुंजाजी हळू आवाजात म्हणाला, "मिस्तरी, माझा आजा, पणजा त्याच गावात मेला. गावाची वेस राखली त्यायनं. मले अजून पारावर कोणी बस म्हणत नाई. तुमाले एकोणीस वर्सं बसवलं."

मला हे आवडलं नाही. त्याचं वेगळं, माझं वेगळं. मी त्याच्याकडे रडगाणं घेऊन गेलो नव्हतो, फक्त कागद पाहायला गेलो होतो. परत येताना मोटारीत उभं राहावं लागलं, पण जागा असती तरी बसवलं नसतं मला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सरळ रंगरावांच्या ओसरीवर गेलो. चहा आला, मी कपाला हात लावला नाही. विचारलं, असं का केलं?

वाटलं होतं ओशाळतील, कोणावर तरी ढकलतील. तसं काही नाही. सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "मिस्तरी, तुमच्यावर माझा जीव हाय, खोटं नाई सांगत. पण तुळशीराम अर्ज भरता तं निवडून येता. तुमी होते म्हणून तो बसला. अन् पंचायत गावाची असते. तुमचं इथं शेत-वावर नाई, सोयरिक नाई, देव नाई."

मी म्हणालो, एकोणीस वर्षांत मी गाव सोडलं नाही.

"सोडलं नाई, कबूल. पण सोडू तं शकता. आमाले कुठी जाता येते?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. आता रात्र पडत आली तरी त्याचं उत्तर सापडलेलं नाही. म्हणजे मी बुजगावणं होतो, तुळशीरामला भिववायला शेतात उभं केलेलं. त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी पायाशी बसून होतो. रंगरावांनी मला भाऊ म्हटलं होतं त्या दिवशी. त्यांना आठवत नसेल असं नाही. आठवत असूनही केलं, हे जास्त लागतं.

२ डिसेंबर, सोमवार

इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरवलं. कोणाच्याच. पाहू या किती दिवस चालतं यांचं. पान्यांची पेटी पलंगाखाली सरकवली.

बाजारात तुळशीराम दिसला. मला वाटलं, हा तरी समजून घेईल. जवळ गेलो तर म्हणाला, तुमी रंगरावाचेच माणूस निघाले मिस्तरी, मले बसवण्यासाठी उभे राह्यले. आणि मान फिरवून निघून गेला. मी त्याला काय सांगणार? मला स्वतःलाच माहीत नव्हतं हे सांगितलं तर फसवणारा बरा, असा मूर्ख ठरतो.

५ डिसेंबर, गुरुवार

तुळशीरामचं इंजिन बंद पडलं. मी दारातच बसलो होतो, म्हटलं आता येईल. आला नाही. त्याने पिंपळगाव राजाहून एक मेकॅनिक आणला. मला वाटलं होतं, ते इंजिन माझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही, त्याची खोड फक्त मला ठाऊक. दुपारी चालू झालं. आवाज घरात ऐकू आला. थोडं ठोकत होतं, पण चालत होतं.

मंजुळेला म्हटलं, आपण कराडला परत जाऊ. ती म्हणाली, "तिथं कोण हाय आता? भाऊ तुमाले पाव्हणा म्हणते." खरं आहे. मागच्या खेपेला दोन दिवस झाल्यावर वहिनीने विचारलं होतं, गाडी कितीची?

१० डिसेंबर, मंगळवार

आज कचरू आला. दारात उकिडवा बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. पंचायतीच्या पहिल्याच बैठकीत ई-क्लासवरची सातही छपरं काढायचा ठराव झाला. कारण दिलंय, यादीत नावं नाहीत म्हणजे हे रहिवासी नाहीत. नवव्या दिवशी जागा मोकळी करायची. विहीर अर्धी खोदून झालेली, तीही बाकीची दुसऱ्याकडून.

म्हणाला, "मिस्तरी, तुमचं काय झालं ते समजलं. लई वाईट झालं. मला काय ल्ह्याया येत नाही. तुमी तहसीलदाराला एक अर्ज ल्हून द्या. आपुन दोघं बाहेरचे, तुमाला कळंल."

तिथेच माझं डोकं सणकलं. मी आणि हा, एका ओळीत? रंगरावांनी मला पारावरून उतरवलं, आणि याने तर उचलून थेट छपरात नेऊन बसवलं. तोंडापर्यंत आलं होतं, पण बोललो नाही. कारण अर्जात लिहायचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. हे लोक इथले कायम रहिवासी आहेत असं आता मी लिहायचं, आणि तहसिलीत माझीच हरकत पडलेली आहे, माझ्याच अक्षरात, ते फिरस्ते आहेत म्हणून.

उद्या ये, म्हटलं. तो गेला. जाताना मंजुळेला सांगून गेला, मिस्तरी लिहितो म्हणाले.

११ डिसेंबर, बुधवार

कचरू आला होता. मी मागच्या दाराने गेलो. मंजुळेला सांगितलं होतं, बाहेरगावी गेलेत म्हण. तिने त्याला काय सांगितलं ते मला सांगत नाही.

कागद काढून बसलो. "मेहेरबान तहसीलदारसाहेब" इथपर्यंत लिहिलं. पुढे हरकत खोटी होती असं लिहायला हवं. ती मी केली असं लिहायला हवं. मग गाव मला पारावरच काय, वेशीतही उभं करणार नाही. आणि तहसीलदार विचारणार, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? कागद घडी करून ठेवला. उद्या लिहीन.

१४ डिसेंबर, शनिवार

रंगराव घरी आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चप्पल बाहेर काढून आत आले, बाजेवर बसले. झालं गेलं विसरून जा म्हणाले, नारायण पोरगा आहे, त्याला काही समजत नाही, पंचायतीत वडीलधारा म्हणून तुमचं लक्ष पाहिजे. तुमच्यावाचून पार सुना वाटते, म्हणाले. मंजुळेने चहा ठेवला. त्यांनी बशीत ओतून सगळा प्याला.

मग खिशातून कागद काढला. छपरं हलवायची त्या दिवशीचा पंचनामा. पाच पंच लागतात, गावातले भले. तीन सह्या झालेल्या होत्या, चौथी जागा रिकामी.

मी म्हणालो, अजून छपरं हलली नाहीत, पंचनामा आधीच कसा? ते हसले. "मिस्तरी, आपल्या गावची रीत तुमाले मी सांगू?"

सही केली. मंजुळा दारात उभी होती. का केली याचं कारण लिहायला बसलोय, पण खरं एकच आहे. तो माणूस माझ्या घरात चहा प्याला आणि मला बरं वाटलं. लाज वाटते हे लिहायला, पण बरं वाटलं. ज्याने गळा कापला त्याच्याच हाताने पाठ थोपटून घ्यावीशी वाटली. मला दुसरं कोण आहे इथे?

ते गेल्यावर मंजुळेने कप आणि बशी उचलून चुलीमागे फोडली. 

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मी सकाळच्या मोटारीने पिंपळगाव राजाला गेलो. वॉशर आणायचे होते. वॉशर घरात दोन डझन पडलेत.

संध्याकाळी आलो तेव्हा माळावर काही नव्हतं. चुलीची दगडं आणि खांबांची भोकं. मंजुळा भाकऱ्या बांधून घेऊन गेली होती, संध्याकाळपर्यंत तिथेच होती. तिने सगळं सांगितलं, भिंतीकडे पाहून.

कचरूने कोतवालाला दुपारपर्यंत थांबवून धरलं. मिस्तरी अर्ज घेऊन येणार आहेत, म्हणाला. तानाबाईने पोरांची तोंडं धुऊन त्यांना गाडीजवळ बसवलं होतं, साहेब आला तर पोरं नीट दिसावीत म्हणून. बारा वाजले. मग कोतवालाने पंचनामा वाचला आणि शेवटी पंचांची नावं वाचली. चौथं नाव आलं तेव्हा कचरू म्हणाला, पुन्हा वाचा. कोतवालाने पुन्हा वाचलं. हे शंकरराव कोण, कचरू म्हणाला. त्याला माझं नाव माहीत नव्हतं. मंजुळाच म्हणाली, मिस्तरी.

मग कचरू छपराकडे वळला. छपराला कोणाला हात लावू दिला नाही, स्वतःच काढलं.

हरकतीवरची माझी सही त्याला माहीत होती की नाही, मी विचारलं. मंजुळा म्हणाली, माहीत होती. पुंजाजीने दिवाळीआधीच वाचून दाखवली होती. तरी तो तुमच्याकडे आला, म्हणाली. मी विचारलं, का? ती म्हणाली, त्याले वाटलं आता तुमाले समजलं असन.

आज जेवलो नाही. जेवायला वाढलंही नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

तीन दिवस मंजुळा बोलत नाही. घरात नुसता पाण्याचा आणि भांड्यांचा आवाज. संध्याकाळी राहवेना म्हणून बाहेर पडलो आणि पाय पाराकडे वळले. पाच-सहा जण बसले होते. मला पाहून रंगराव म्हणाले, सरका रे, मिस्तरीले जागा द्या. सगळे सरकले. मी बसलो. आधी मी कडेला बसत असे, आज मधोमध बसवलं.

बोलणं विहिरीचं चाललं होतं. अजून दहा हात पाषाण आहे आणि फोडणारा कोणी नाही. इथल्यांना सुरुंगाचं काम येत नाही आणि यायचंही नाही. नारायणराव म्हणाला, जालन्याकडे एक मुकादम आहे, त्याच्याकडे अशी पुष्कळ माणसं असतात, चार-पाच घरं पाठव म्हणावं. सगळ्यांना पटलं. पत्र कोण लिहिणार, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. रंगराव नुसते माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, लिहितो.

आत्ता ते लिहून झालं. मजुरी, काम, यायचा रस्ता, सगळं घातलं. माणसं चांगली पाठवावीत, हेही घातलं. शेवटचं वाक्य रंगरावांनी मुद्दाम सांगितलेलं आहे, ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं: गाव मनमिळाऊ आहे, राहण्यास जागा मिळेल. मंजुळा पलीकडे बसली आहे. तिने विचारलं नाही, तरी तिला वाचून दाखवलं.